अंगठा आणि चोखणी: सवय सारखी दिसते, सुटते मात्र वेगळ्या वाटेनं

अंगठा चोखणारं पोर दिसलं की शेजारची कुणीतरी म्हणते, "चोखणी दे की त्याला, अंगठा सुटतोय बघ आपोआप." आणि चोखणी सुटत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या आईला दुसरी कुणीतरी सांगते, "राहू दे गं, अंगठ्यापेक्षा बरी." सोलापूरच्या पूर्व भागात, अंगणवाडीच्या दारात, हे दोन्ही सल्ले मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. सांगणाऱ्या बायकांच्या मनात पोराचं भलंच असतं. पण दोघीही अंगठा आणि चोखणी (दुधाशिवाय, नुसतं चोखायला बाळाच्या तोंडात देतात ते रबरी बोंड) ही एकच सवय धरून बोलतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की घरात महिनोन्महिने रडारड चालते.

मूळ एकच आहे, हे खरं. चोखण्याची ऊर्मी बाळ पोटातूनच घेऊन येतं. सोनोग्राफीत कितीदा बाळाचा अंगठा तोंडात दिसतो. भूक नसली तरी चोखल्यानं बाळ निवांत होतं, झोपी जातं. त्यामुळे पहिल्या वर्षात पोर अंगठा चोखतं किंवा चोखणी मागतं यात काहीही बिघडलेलं नाही. दूध कमी पडतंय, आईचं लक्ष नाही, असे टोमणे त्यावरून सुनेला मारू नयेत. एवढंच बघायचं की बाळाचं वजन नीट वाढतंय ना आणि हात तोंडात घालणं म्हणजे खरंच भूक तर नाही ना. लहान बाळ रडण्याआधी भूक अशीच दाखवतं. तेव्हा आधी अंगावर घ्यायचं, बाकीचं नंतर.

फरक आहे तो ताब्याचा. चोखणी मोठी माणसं विकत आणतात, धुतात, तोंडात देतात आणि काढूनही घेतात. अंगठा पोराचा स्वतःचा, दिवसरात्र सोबत. म्हणून चोखणी सोडवणं हे मुख्यतः घरातल्या मोठ्यांचं काम आहे, आणि अंगठा सोडवायचा तर त्या पोरालाच आपल्या बाजूला वळवावं लागतं. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

आधी चोखणीचं बघू. स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन-चार आठवडे, ती घरात आणूच नये. बाळाची पकड बसायची असते आणि आईचं दूध वाढायचं असतं. त्या दिवसांत चोखणीनं बाळ गप्प झालं की एकेक पाजणं चुकतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 मध्ये स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या, त्यात चोखणी देऊच नका असं स्पष्ट होतं. 2018 मध्ये ती पायरी बदलली. आता आईला चोखणीचे धोके आणि वापर नीट समजावून सांगा, असं त्यात आहे. मला हा बदल पटतो, कारण ठरवायचं आईनंच आहे, फक्त सगळं समजून.

चोखणीचा एक फायदा अंगठ्याला नाही. झोपताना चोखणी दिली तर तान्हं बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका कमी होतो, असं दिसून आलं आहे. म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात झोपेच्या वेळी ती द्यायला सांगतात. बाळाला उताणं झोपवायचं हे मात्र त्याहून महत्त्वाचं. झोपेत चोखणी गळून पडली तर पुन्हा तोंडात कोंबू नये.

तोटाही तिचा स्वतःचा आहे. सहा महिन्यांनंतर सतत चोखणी तोंडात असणाऱ्या मुलांचे कान जास्त फुटतात, म्हणजे कानाच्या आतल्या भागात जंतुसंसर्ग जास्त होतो. पोराचे कान वारंवार दुखत असतील तर चोखणी कमी करायची वेळ तिथेच आली असं समजा.

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती काळ्या दोऱ्याची. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात काळा दोरा असतो आणि चोखणी खाली पडू नये म्हणून ती त्यालाच अडकवलेली असते. बाळ पालथं पडतं, दोरा पाळण्याच्या कडीत, झोळीच्या गाठीत अडकतो आणि गळा आवळला जातो. चोखणी गळ्यात कधीही बांधू नका. अंगड्याला आखूड चिमटा लावून अडकवा आणि झोपवताना तोही काढा. विकत घेताना चोखणी एकसंध साच्यातली घ्या. जत्रेत, फुटपाथवर मिळणाऱ्या जोडकामाच्या चोखणीचं बोंड ओढलं की हातात येतं, आणि ते बाळाच्या घशात गेलं तर वेळ मिळत नाही. चोखणीची पाठ बाळाच्या ओठांपेक्षा रुंद हवी आणि तिला हवा जायला भोकं हवीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. खिडकीत उन्हात पडलेली रबराची चोखणी चिकट होते, तिला बारीक चिरा पडतात. रोज एकदा बोंड ओढून बघायचं आणि जरा शंका आली की फेकायची.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी. पिंपातलं साठवलेलं पाणी सगळ्यालाच वापरावं लागतं, म्हणून चोखणी नुसती खळखळून भागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची चोखणी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून "साफ" करण्याची खोड खूप जणींना आहे. मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतू त्यातून बाळाला जातात. मधात किंवा साखरेत बुडवून तर देऊच नये. साखरेनं नुकतेच उगवलेले दात किडतात, आणि मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. मध चाटवण्याची रीत घराघरात आहे, आज्जी प्रेमानंच चाटवते, तरीही वर्ष होईपर्यंत थांबायलाच हवं.

आता अंगठा. तो उकळता येत नाही, एवढं सांगितलं की स्वच्छतेची निम्मी गोष्ट संपली. जमिनीवर रांगलेला हात तोंडात जातो, त्याबरोबर जंत, जुलाब येतात. पण आमच्या भागात याहून एक मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी बोलत नाही. इथं हजारो घरांत बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कात्रीनं कापलेली पानं, तंबाखू, दोरा, आणि शेजारी खेळणारं पोर. तंबाखूची भुकटी फरशीवर सांडलेली असते. पोर त्यात हात घालतं आणि तोच अंगठा तोंडात जातो. तंबाखूतलं निकोटिन लहान पोराला विष आहे. उलटी, लाळ गळणं, पोर पांढरंफटक पडणं, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट सिव्हिलला न्या. पोट भरायचं काम बंद करता येत नाही, हे मला माहीत आहे. सूप उंचावर किंवा उंबऱ्याच्या पलीकडे ठेवणं, पोराला घेण्याआधी साबणानं हात धुणं आणि खेळायची जागा ओल्या फडक्यानं पुसणं, एवढं जमतं. अंगठा चोखणाऱ्या पोराच्या घरात ते जमवायलाच हवं.

दातांबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. दोन्ही सवयींनी दात सरकतात, पण ढब थोडी निराळी असते. अंगठ्याचं पेर टाळूला टेकतं आणि वरचे पुढचे दात बाहेर ढकलले जातात, खालचे आत दबतात. चोखणीनं वरचा जबडा अरुंद होऊन दाढा उलट्या बसण्याचं, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसण्याचं प्रमाण जास्त दिसतं. दोन्हींत पुढच्या दातांमध्ये फट राहू शकते, मागच्या दाढा मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. घरी बघायचं असेल तर पोराला कडक भाकरीचा तुकडा द्या. फट असलेलं पोर तो पुढच्या दातांनी मोडू शकत नाही, तोंड वाकडं करून बाजूच्या दातांत धरतं आणि मोडतं.

अंगठा तोंडात आहे एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. काही पोरं अंगठा नुसता ओठात ठेवून बसतात. काहींचे गाल आत जातात, अंगठा ओढला तर "टक्" असा आवाज येतो, अंगठ्याच्या पाठीवर घट्टा पडलेला असतो. दात सरकवतं ते हे दुसरं चोखणं, आणि तेही दिवसातले पुष्कळ तास चाललं तर. झोप लागेपर्यंत दहा मिनिटं अंगठा तोंडात असणाऱ्या तीन वर्षांच्या पोरामागे हात धुऊन लागू नका.

"दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला काळजी?" असंही विचारतात. चार वर्षांच्या आत सवय सुटली तर पुढची फट बहुतेकदा आपोआप भरून येते, हे बरोबर आहे. पण पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. तोवर जोरात चोखणं चालूच राहिलं तर जबड्याच्या हाडाचा आकारच बदलतो आणि नवे दात त्या बिघडलेल्या आकारात उगवतात. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्वतःहून सोडतात. बालदंततज्ज्ञ तीन वर्षांच्या आत चोखण्याच्या सवयी सुटलेल्या बऱ्या असं सांगतात. चोखणीच्या बाबतीत मी आयांना याहून आधीची वेळ सांगते: वर्षाला फक्त झोपेपुरती, दोन वर्षांच्या आत बंद. ते सोपं पडतं म्हणूनच सांगते.

सोपं अशासाठी की चोखणी संपू शकते. आधी घराबाहेर बंद, मग दिवसा बंद, मग रात्री. शेवटची काढल्यावर काही रात्री रडारड होते, पोर उठून शोधतं, मग विसरतं. अट एकच, घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. आईनं फेकली आणि आज्जीनं कनवटीतून दुसरी काढली, तर पोर एवढंच शिकतं की जोरात रडलं की मिळते. बोंड कापून चोखणी बेचव करायची युक्ती करू नका, कापलेला तुकडा सुटून घशात जाऊ शकतो. आणि अंगावरचं तोडणं, बालवाडी सुरू होणं, धाकटं भावंड येणं यांच्या आसपास चोखणी काढू नका. आधार एकदम गेला की काही पोरं अंगठ्याकडे वळतात. म्हणून बदली आधार आधीच द्यावा: वाकळेचा मऊ तुकडा, जुन्या सोलापुरी चादरीचा कोपरा, पाठीवरून फिरणारा हात. चादरीच्या दशा बोटांत घोळवत झोपणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यात वावगं काही नाही.

अंगठ्याला ही रीत लागू पडत नाही. तोंडातून हात ओढून काढला की पोर कोपऱ्यात जाऊन चोखतं. मिरची लावण्याची गोष्ट तर मला ऐकवत नाही. तोच हात डोळ्याला लागतो आणि पोर तडफडतं. तंबाखूचं पाणी लावणं वर सांगितलेल्या कारणानं धोक्याचंच. कडुलिंबाचा रस पोराच्या मर्जीनं आठवण म्हणून लावला तर चालेल, धरून लावला तर ती शिक्षाच होते.

तीन-साडेतीन वर्षांच्या पुढच्या पोराशी बोलता येतं. आधी आठवडाभर नुसतं बघा, अंगठा कधी जातो. टीव्हीसमोर? पेंग आली की? पाहुणे आले की? त्या वेळेला हाताला काम द्या: कणकेचा गोळा, मेथी निवडणं, दोरा गुंडाळणं. आरशासमोर उभं करून त्याचे दात त्यालाच दाखवा, भीती न घालता. मग ठरवा, अंगठा न चोखता टीव्ही बघितला त्या दिवशी दिनदर्शिकेच्या तारखेवर एक टिकली. टिकली पोरानंच लावायची. चुकलेल्या दिवसाबद्दल बोलायचंच नाही. बक्षीस जवळचं हवं. "गड्ड्यावर पाळण्यात बसवीन" हे (गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) डिसेंबरच्या शेवटी सांगितलं तर कामाला येतं, जुलैत सांगून काही उपयोग नाही. चार वर्षांच्या पोराला संक्रांत किती लांब आहे ते कळत नाही. रात्रीचा अंगठा सगळ्यात शेवटी सुटतो, कारण झोपेत पोराचा इलाज नसतो. त्यानं हो म्हटलं तर हातात सुती मोजा घालून झोपवा.

राहिला तो पहिला सल्ला, अंगठा सोडवायला चोखणी देण्याचा. चार-सहा महिन्यांच्या बाळाला कुणी चोखणीकडे वळवलं तर मी हरकत घेणार नाही, कारण पुढे ती काढता येते. दोन-तीन वर्षांच्या पोराला ती नव्यानं देऊ नये. ते दिवसा चोखणी घेईल आणि रात्री अंगठा.

पाचव्या वर्षापर्यंत जोरात चोखणं चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासायला येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा: कधीपासून चोखतं, दिवसातून साधारण किती वेळ, आणि गाल आत जातात का. गरज पडली तर दातांचे डॉक्टर टाळूला तारेची जाळी बसवतात, त्यामुळे अंगठा टाळूला टेकत नाही. ती सवय सुटल्यावरही काही महिने ठेवावी लागते, आणि पोराची स्वतःची तयारी असेल तरच ती टिकते.