खाडे वाढले, पण खरंच वाढले का?

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सोमवारची मीटिंग कशी चालते, हे तिथे काम केलेल्यांना सांगायला नको. पडद्यावर तक्ता येतो. एका रकान्यात गेल्या आठवड्याचा आकडा, शेजारी या आठवड्याचा, शेवटी टक्केवारी आणि वाढ असेल तर ती लाल रंगात. मशीनशॉपमध्ये गेल्या आठवड्यात 7 खाडे पडले होते, या आठवड्यात 12. म्हणजे 71 टक्के वाढ! सुपरवायझरला विचारलं जातं, 'का?' तोही काहीतरी शोधून देतो: कुणाचं लग्न, कुणाचा ताप, पाऊस. पुढच्या सोमवारी आकडा 9 येतो आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं.

या पद्धतीचा मला मनापासून राग आहे, कारण तिच्यात दोन्हीकडून नुकसान होतं. जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे माणसं धारेवर धरली जातात. जिथे खरोखर काहीतरी हळूहळू बिघडत असतं, ते मात्र महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेला पडत नाही. ऑपरेटर काम सोडून गेला, रिजेक्शन वाढून गिऱ्हाइकाने माल परत पाठवला किंवा कुणाचं बोट गेलं, की मग चौकशी बसते. तोवर हजेरीपट, रिजेक्शनचं रजिस्टर आणि मेंटेनन्सची वही हीच गोष्ट कितीतरी आधीपासून सांगत असतात. ती वाचायची रीत शंभर वर्षांपूर्वीच सापडली आहे आणि तिला दहावीपुरतं गणित पुरतं.

नदीच्या बाबतीत सांगलीकर ही रीत सवयीने पाळतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. पण पाणी 30 फुटांवर असताना 'अजून 15 फूट आहेत' असं म्हणून कुणी निवांत बसत नाही. कोयनेतून विसर्ग किती सोडलाय, कऱ्हाडला पाणी चढतंय का, इथे तासाला किती इंच वाढतंय, हे बघितलं जातं. आणि मध्येच दोन इंच उतरलं, म्हणून कुणी सामान परत खाली आणत नाही. पाण्याची नेहमीची हालचाल कुठली आणि दखल घ्यायची हालचाल कुठली, हे सांगलीत पोरांनाही कळतं. कारखान्यातल्या आकड्यांना आपण ही समज लावत नाही.

ती कागदावर उतरवली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तो होता. 16 मे 1924 रोजी त्याने आपल्या वरिष्ठाला जेमतेम एका पानाचं टिपण पाठवलं, सोबत एक आकृती. आज जगभर जिला कंट्रोल चार्ट म्हणतात तिचं हे पहिलं रूप. 1947-48 च्या हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही आला होता. त्याचं म्हणणं असं, की कुठलाही आकडा कधीच स्थिर नसतो. त्याच्या चढउतारात दोन प्रकार मिसळलेले असतात. एक, त्या व्यवस्थेत मुरलेल्या शंभर बारीक कारणांमुळे होणारा, ज्याचं वेगळं कारण शोधण्यात अर्थ नाही. दुसरा, बाहेरून येऊन पडलेल्या एखाद्या ठळक कारणाचा, जे शोधलं तर सापडतं. सगळी कला हे दोन वेगळे करण्यात आहे.

आता ते वेगळे कसे करायचे, ते करूनच बघू. समजा, एका विभागात सलग 12 आठवड्यांचे खाडे असे आहेत: 7, 12, 9, 6, 10, 8, 13, 9, 7, 11, 8, 8. बेरीज 108, सरासरी 9. आता लागोपाठच्या दोन आठवड्यांतला फरक काढा, उणे-अधिक चिन्ह सोडून: 5, 3, 3, 4, 2, 5, 4, 2, 4, 3, 0. या अकरा फरकांची सरासरी 3.18. तिला 2.66 ने गुणा, 8.46 येतात. सरासरीत ते मिळवले की वरची मर्यादा सुमारे 17.5, वजा केले की खालची सुमारे 0.5. आलेखावर मधोमध 9 ची रेघ आणि वर-खाली या दोन मर्यादा. झाला चार्ट. ज्या 7 आणि 12 वरून मीटिंगमध्ये आवाज चढले, ते दोन्ही आकडे मर्यादांच्या खूप आत आहेत. या विभागात काहीही न घडता असे आकडे येतच राहणार.

हे 2.66 कुठून आलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आकड्यांच्या पसरटपणाचं माप म्हणजे प्रमाण विचलन. बहुतेक आकडे सरासरीजवळ आणि टोकांना थोडे, अशा घंटेच्या आकाराच्या वक्रातून दोन आकडे स्वतंत्रपणे उचलले, तर त्यांच्या फरकाचं प्रमाण विचलन मूळच्या √2 पट असतं. आणि अशा वक्रात शून्यापासूनचं सरासरी अंतर, चिन्ह सोडून, प्रमाण विचलनाच्या √(2/π) पट भरतं. दोन्हींचा गुणाकार करा: 2/√π, म्हणजे 1.128. म्हणून लागोपाठच्या फरकांच्या सरासरीला 1.128 ने भागलं की प्रमाण विचलन हाती येतं. आपल्याला सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं दूरची रेघ हवी, म्हणून 3 भागिले 1.128, बरोबर 2.66. वर्तुळाचा परीघ मोजणारा π कुपवाडच्या हजेरीपटात येऊन बसतो, याचा आनंद मला दर वेळी नव्याने होतो.

पडताळा घ्यायचा तर आणखी एक वाट आहे. खाडे ही मोजण्याची गोष्ट. प्रत्येक माणूस त्या दिवशी न येण्याची शक्यता लहान आणि इतरांपेक्षा स्वतंत्र मानली, तर गणित सांगतं की अशा मोजणीचं प्रमाण विचलन सरासरीच्या वर्गमुळाइतकं असतं. 9 चं वर्गमूळ 3. तीन पट म्हणजे 9. मर्यादा 0 आणि 18. दोन वाटांनी जवळजवळ एकच उत्तर. मात्र 'स्वतंत्र' हा शब्द इथे महत्त्वाचा. एका गावची दहा माणसं एकाच वडापने, म्हणजे शेअर जीपने, येत असतील आणि गावची यात्रा असेल, तर ती दहाही एकदम गायब होतात. वर्गमुळाची वाट तिथे फसते. फरकांची वाट प्रत्यक्ष आकड्यांवरून चालते, म्हणून मी तीच वापरायला सांगतो.

तीन प्रमाण विचलनांच्या आत घंटावक्राचा 99.73 टक्के भाग बसतो. म्हणजे काही बिघडलेलं नसताना मर्यादा ओलांडली जाण्याची खोटी हाक साधारण 370 आठवड्यांतून एकदा. इतकी मोकळी मर्यादा ठेवली की मॅनेजरचा वेळ वाया जात नाही. पण तिचीही किंमत आहे. सरासरी फक्त एका प्रमाण विचलनाने सरकली, तर केवळ मर्यादेवर नजर ठेवून ते लक्षात यायला सरासरी 44 आठवडे लागतात. जवळजवळ वर्ष गेलं!

म्हणून रांग बघायची. समजा, पुढचे आठ आठवडे असे गेले: 10, 11, 10, 12, 10, 11, 13, 10. एकही आकडा 17.5 च्या जवळपास नाही. मीटिंगच्या तक्त्यातही काही भडक दिसणार नाही, कारण वाढ-घट आलटून पालटून येते आहे. पण आठही आकडे 9 च्या वर आहेत. प्रत्येक आठवडा मधल्या रेषेच्या वर किंवा खाली पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर सलग आठ वेळा वरच पडण्याची शक्यता 256 त एक. इथे थांबून चौकशी करायची, आणि ती 'कोण आलं नाही' अशी नाही. आठ आठवड्यांपूर्वी काय बदललं, हे विचारायचं. एसटीची पहाटेची गाडी बंद झाली का? कॉन्ट्रॅक्टर पगार उशिरा देतोय का? पाळी बदलली का? नवा फोरमन माणसांशी कसा बोलतो? ठळक कारण असेल तर ते अशा एखाद्या तारखेपाशी सापडतं.

सलग आठचा हा नियम वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1956 साली छापलेल्या चार नियमांपैकी एक. बाकीचे तीन असे: एक बिंदू तीन विचलनांपलीकडे, तिनांपैकी दोन एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे, पाचांपैकी चार एकाच बाजूला एका विचलनापलीकडे. चारही लावले तर मघाचे 44 आठवडे नऊवर येतात, पण खोटी हाक 370 ऐवजी सुमारे 92 आठवड्यांतून एकदा येते. लवकर कळणं आणि खोटी हाक यांची ही देवघेव टाळता येत नाही. फुकटात दोन्ही देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आरडाओरड्याने काम सुधारतं, ही आपल्याकडच्या साहेबलोकांची पक्की समजूतही याच आकड्यांतून जन्मते. 13 खाड्यांच्या आठवड्यानंतर ओरडा, पुढचा आठवडा 9 चा. 6 च्या आठवड्यानंतर कौतुक करा, पुढचा 10 चा. टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुतेक वेळा सरासरीकडे परततोच, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. ओरडणाऱ्याला मात्र आपल्या ओरडण्याचा गुण आला असं वाटतं आणि तो आयुष्यभर तेच करत राहतो.

अपघातांत ही फसगत आणखी खोल जाते. समजा, एखाद्या कारखान्यात सरासरी 60 दिवसांनी एक किरकोळ अपघात होतो. तरी दोन अपघातांमधली निम्मी अंतरं 42 दिवसांपेक्षा कमी असतात, आणि एकामागोमाग आठवड्याच्या आत दुसरा होण्याची शक्यता 11 टक्के. असे दोन लागोपाठ झाले की कुणीतरी वास्तुतज्ज्ञाला बोलावतं, फाटकाची दिशा बदलली जाते, शांत घातली जाते, आणि पुढचे तीन महिने निर्विघ्न जातात. जाणारच होते. उपाय वाईट काळाच्या टोकावर केला, म्हणून गुण आल्यासारखा दिसला. शेजारच्या साताऱ्यातून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. खंडेनवमीला यंत्रं धुऊनपुसून, तेलपाणी करून पूजा करतात, तिला माझी हरकत नाही. त्या पुसापुशीत यंत्राचा तडा गेलेला गार्ड, म्हणजे संरक्षक कवच, नजरेला पडतो. पण शांत घालून गार्ड दुरुस्त होत नाही.

दुर्मीळ घटनांचा चार्ट काढायचा, तर घटना मोजू नका, मधले दिवस मोजा. हे दिवस घंटावक्रात बसत नाहीत, फार एकांगी पसरतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ लॉइड नेल्सनने 1994 साली सुचवलं, की प्रत्येक अंतराचा 0.2777 वा घात काढा, म्हणजे 3.6 वं मूळ, की वक्र जवळपास सममित होतो आणि मग वरचीच पद्धत चालते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं ते.

पण हे सगळं गणित आकडे खरे असतील तरच. फाटकाशी 'अपघातविरहित दिवस' असा फलक असतो, आणि आकडा वाढला की बक्षीस. मग 180 व्या दिवशी ज्याचं बोट चेपतं, तो ते खिशात घालून घरी जातो, कारण सगळ्या पाळीचं बक्षीस बुडवायचं त्याच्या जिवावर येतं. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या चमूत चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच: चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे चूक बोलून दाखवायला माणसं घाबरत नव्हती. त्यामुळे 'थोडक्यात वाचलो' अशा नोंदी एकदम शून्यावर आल्या, तर तो चांगला आठवडा मानू नका. चार्टची खालची रेघही तितक्याच गंभीरपणे बघायची असते.

सध्या 'कोण नोकरी सोडणार ते आधीच सांगतो' अशी सॉफ्टवेअरं विकायला येतात. 200 कामगारांपैकी वर्षाला 10 जातात असं धरा. सॉफ्टवेअर जाणाऱ्यांतले 90 टक्के ओळखतं आणि राहणाऱ्यांतल्या फक्त 10 टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं, असंही धरा. म्हणजे 9 बरोबर आणि 190 पैकी 19 चूक. यादीत 28 नावं, त्यांतली दोनतृतीयांश निष्पाप, आणि त्यांच्याकडे आता संशयाने पाहिलं जाणार. माणसावर शिक्का मारण्यापेक्षा व्यवस्थेचा आकडा बघणं स्वस्त आहे आणि न्याय्यही.

आपल्या भागात चार्ट काढताना एक पथ्य पाळायला हवं. तासगाव, पलूस, मिरज तालुक्यांतल्या कित्येक कामगारांच्या घरी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला, पुढे माल उतरवायच्या दिवसांत आणि एप्रिलच्या खरड छाटणीला खाडे वाढतात, ते ठाऊक असलेल्या कारणाने. हे आठवडे बाकीच्यांत मिसळले तर मर्यादा विनाकारण रुंदावतात आणि खरा बिघाड त्यात लपतो. त्यांना वेगळा रंग द्या, त्यांची सरासरी वेगळी काढा आणि शक्य असेल तर त्या आठवड्यांचं उत्पादन आधीच कमी धरून पाळ्या लावा. सुरुवातीला 12 आठवडे पुरतात, 20 जमले की मर्यादा पुन्हा काढा. त्यानंतर मात्र दर आठवड्याला त्या हलवत बसू नका. कारण सापडलं, दूर झालं आणि आकडा नव्या पातळीवर टिकला, तरच नवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख व काय बदललं ते लिहायचं.