गोट्याचं वय थरात असतं

वखर धरणाऱ्याला गारगोटी नवी नाही. आपल्याकडे पावसाळा सरला, नाल्याची दरड ढासळली, की पिवळ्या मातीतून गोटे उघडे पडतात. बहुतेक साधेच. एखाद्याची धार मात्र हाताला लागते. दोन्ही अंगांनी टवके उडवल्याचे खोलगट ठसे, टोक बदामासारखं निमुळतं. वाहत्या पाण्याने गोटा गुळगुळीत होतो, असा घडत नाही.

माणूस किती जुना, हा वाद अशाच गोट्यांवरून पेटला. बायबलवरून हिशेब मांडून आर्चबिशप अशर यांनी जगाची उत्पत्ती इ.स.पू. ४००४ मध्ये ठरवली होती. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात बुशे द पर्थ यांना नामशेष जनावरांच्या हाडांसोबत दगडी हत्यारं सापडली, तरी वर्षानुवर्षं कुणी मानेना. १८५९ मध्ये भूवैज्ञानिक प्रेस्टविच आणि पुरातत्त्वज्ञ इव्हान्स यांनी तिथे जाऊन न हललेल्या थरात रुतलेलं हत्यार पाहिलं, तेव्हा विद्वानांचं मत फिरलं. चारच वर्षांनी भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला तसंच हत्यार मिळालं.

महाराष्ट्रातला सगळ्यात अडलेला वाद पुणे जिल्ह्यातल्या बोरीचा. कुकडीकाठी हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, म्हणून राखेच्या वयावरून हत्यारांचं वय ठरवायचं. एका मोजणीत राख सुमारे १४ लाख वर्षांची निघाली, दुसऱ्या मोजणीत पावणेसात लाखांच्या आसपास. काही भूवैज्ञानिक म्हणाले, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांची. राख तीच, नदी तीच, उत्तरं तीन! मला यात कुणाची फजिती दिसत नाही. नदी जुनी राख उचलून नव्या गाळात नेऊन टाकते, मोजणाऱ्याने तरी काय करावं?

नर्मदाकाठच्या हथनोराला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेल्या कवटीचंही तेच. आधी ती होमो इरेक्टस या आदिमानवाची ठरली, पुढे अनेकांनी तिला आपल्या अधिक जवळची मानलं. वयाबद्दल अजून एकमत नाही. याउलट तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू यांच्या चमूने थर न् थर उकलत खोदलं, म्हणून २०११ मध्ये तिथल्या हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं सांगता आलं.

आपल्या चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीवरही अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पुष्कळ अलीकडची, लोहयुगातली. वावरात धारेचा गोटा दिसला तर उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, दरडीत किती खोल होता तेही टिपा, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मुरमाच्या ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेला गोटा माणसाने घडवला एवढं कळतं, पण केव्हा ते सांगणारी दरड तोवर खणली गेलेली असते.