वड, वाडा, वाडी, पाडा : छोट्या वस्त्यांच्या नावांमागची पार्श्वभूमी

पुण्याच्या दक्षिणेला उंड्रीच्या पुढे वडाची वाडी आहे. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत तेवीस गावे घेतली गेली, त्यांतले हे एक. होळकरवाडी, शेवाळेवाडी, भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभुळवाडी, किरकटवाडी, कोळेवाडी अशी वाड्यांची रांगच त्या यादीत होती. त्यांतल्या वडाच्या वाडीचे नाव बघायला सरळ वाटते, पण त्यात कानाला जवळचे आणि कुळाने लांबचे दोन शब्द शेजारी बसले आहेत. वड म्हणजे झाड, संस्कृत वट. वाडी म्हणजे वाटिका, कुंपण घातलेली जागा. या दोन शब्दांच्या गोंधळातून वडगावाला ‘वाड्यांचे गाव’ आणि वाडेगावाला ‘वडांचे गाव’ ठरवणाऱ्या व्युत्पत्त्या गावोगावच्या स्मरणिकांत छापून आलेल्या असतात.

गोंधळाचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ट असला की प्राकृतातून मराठीत येताना त्याचा ड होतो. घोटकाचा घोडा झाला तो असाच. वटाचा वड, वाटकाचा वाडा, वाटिकेची वाडी, खेटाचे खेड आणि पाटकाचा पाडा ही सगळी याच नियमाची पोरे. म्हणजे वाडा आणि पाडा यांचे यमक जुळते खरे, पण पहिल्याच्या मुळाशी कुंपण आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी गावाचा तुकडा, गावापासून फुटलेला भाग. जोडाक्षराचा ट मात्र टिकतो आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. वर्त्म, वट्ट, वाट असा रस्त्याच्या वाटेचा प्रवास आहे. म्हणून चालायची वाट आणि राहायची वाडी यांचा संबंध जोडायचा मोह आवरावा.

वडाच्या झाडावरून पडलेल्या नावांचा पल्ला मोठा आहे. बडोदा हे मुळात वटपद्रक. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ते दान दिलेले गाव म्हणून येते. आपल्याकडे वडगाव तर तालुक्यागणिक सापडते. मावळातले वडगाव जानेवारी १७७९ च्या तहामुळे इतिहासात गेले. कोल्हापूरकडे बाजारपेठेचे पेठ वडगाव आहे, पुण्यात वडगाव शेरी आहे आणि सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द ही जोडी आहे. शेरी म्हणजे सरकारने किंवा जहागीरदाराने स्वतःच्या कसणुकीसाठी राखलेली जमीन. हे कळले की वडगाव शेरीच्या नावातला दुसरा शब्द गल्लीचा नाही, शेताचा आहे, हे लक्षात येते.

वाडी या शब्दाने अर्थ कसा बदलला ते कोकणात आजही दिसते. तिथे नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात आणि घरांच्या पुंजक्यालाही वाडीच म्हणतात. गडगा म्हणजे दगडी कुंपण घातलेले आगर, म्हणजे बाग, त्यात मालकाचे घर, मग भावांची घरे, मग ‘त्या वाडीतली माणसे’ असा तो अर्थ सरकत गेला. घाटावर बागेचा अर्थ मागे पडला आणि वस्तीचा तेवढा उरला. रचनाही वेगळी झाली. कोकणातले महसुली गाव हे बहुधा वाड्यांचेच बनलेले असते. वरची, खालची, मधली, देऊळवाडी, सुतारवाडी, टेंबवाडी या सगळ्या मिळून एक गाव. देशावर मात्र पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जमिनीवर वसलेले, वेस असलेले दाट गाव आधी, आणि शेतावर राहायला गेलेल्यांची वाडी नंतर. कोकणातली वाडी गावाच्या पोटात असते, घाटावरची गावाबाहेर.

प्रदेश बदलला की छोट्या वस्तीचा शब्दही बदलतो. पालघर, ठाणे, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात पाडा, बंजाऱ्यांचा तांडा, सोलापूर-अहिल्यानगरकडे शेतातली वस्ती, नाशिक-पुण्याकडे मळा, रायगड-रत्नागिरीत कोंड, मेळघाटात कोरकूंचा ढाणा, यवतमाळात कोलामांचा पोड, गोंदिया-भंडाऱ्याकडे टोला किंवा टोली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला गुडा. नावाच्या शेवटी यांतले काय आहे एवढ्यावरून ती वस्ती कुणी आणि कशासाठी केली याचा अर्धा अंदाज येतो. पण अर्धाच. तांड्याची पुढे वाडी होते, पाड्याचे नगर होते, आणि मूळ शब्द फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहतो.

उरलेला अर्धा अंदाज नावाच्या पहिल्या भागातून येतो, आणि तिथे एक प्रश्न फार उपयोगी पडतो : हे नाव ठेवणारा माणूस कुठे उभा होता? वाडीत राहणारा आपल्या वाडीला नुसते ‘घर’ किंवा ‘वस्ती’ म्हणतो. तिला नाव लागते ते मूळ गावातल्या माणसाला, तलाठ्याला, पाटलाला, पलीकडच्या वाडीकराला. वरची कुणाच्या वर आणि खालची कुणाच्या खाली, हे मूळ गावठाणात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुष्कळदा ही उंची डोंगराची नसून ओढ्याच्या प्रवाहाची असते. वरची म्हणजे उगमाकडची. वडाची वाडी या नावाचाही अर्थ असाच लावावा लागतो. वड महाराष्ट्रात सगळीकडे आहेत, पण नाव पडते ते लांबून खूण म्हणून दिसणाऱ्या एखाद्या वडावरून, आणि ती खूण वाडीबाहेरच्यांच्या कामाची. होळकरवाडी, शेवाळेवाडीसारख्या आडनावांच्या वाड्यांचेही तसेच. वाडीत सगळेच एका आडनावाचे असतील तर आतल्या आत त्या नावाचा उपयोग शून्य. बाहेरच्याला मात्र ‘अमक्यांची वाडी’ एवढे पुरते.

एकच नाव अनेक गावांना असले की कागदावर ती वेगळी कशी करायची, ही अडचण जुन्या दफ्तरदारांनाही होती, आणि त्यांनी ती फारसी-अरबी शब्दांनी सोडवली. बुद्रुक हे बुजुर्गचे मराठी रूप, म्हणजे मोठे किंवा जुने. खुर्द म्हणजे लहान. ओढा किंवा नदी मध्ये घेऊन वसलेल्या जोड्यांना हे शब्द हमखास लागतात. मुळा-मुठेच्या दोन तीरांवरचे मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द हे त्यातले ठळक उदाहरण. मोडी कागदांत यांची बुा आणि खुा अशी संक्षिप्त रूपे येतात. आजच्या पाट्यांवर बु॥ आणि खु॥ असे दोन दंड दिसतात ते त्याच लेखनाचे अवशेष. इंग्रजी कागदांत यांचेच बीके आणि केएच झाले, आणि नवखा माणूस ती कुणाची तरी आद्याक्षरे समजतो. एक सावधगिरी इथे हवी. खुर्द-बुद्रुक हा नाव पडले तेव्हाच्या आकाराचा किंवा वयाचा निवाडा आहे, आजच्या लोकसंख्येचा नव्हे. रस्ता खुर्दाकडून गेला की पन्नास वर्षांत खुर्द बुद्रुकाला मागे टाकते, नाव मात्र तेच राहते.

याच पठडीतले आणखी काही शब्द. कसबा म्हणजे परगण्याचे (अनेक गावांच्या जुन्या महसुली विभागाचे) मुख्य, बाजार-कचेरीचे गाव, आणि मौजे म्हणजे साधे शेतीचे गाव. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन्ही आहेत. तर्फ हा परगण्याचा पोटविभाग आणि प्रगणे म्हणजे परगणाच, म्हणून कोकणात ‘तर्फे अमुक’ आणि खानदेशात ‘प्र. अमुक’ असे गावाच्या नावामागे चिकटलेले दिसते. दिगर म्हणजे दुसरे. तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे इथे घराण्याच्या नावाने फरक केला. वाडीच्या अभ्यासकाला सगळ्यांत कामाचा शब्द मजरे. मजरे म्हणजे मूळ गावाच्या हद्दीत, त्याच्याच जमाबंदीत, म्हणजे साऱ्याच्या हिशेबात धरलेली शेतवस्ती. चंदगड तालुक्यातल्या मजरे कार्वेसारख्या नावात तो अजून जिवंत आहे. एखाद्या गावामागे मजरे लागले असेल तर ते कधीकाळी स्वतंत्र गाव नव्हते, हे नावानेच सांगून टाकले.

आता शोध घ्यायचा कसा. सुरुवात उच्चारापासून, आणि तोही वाडीतल्या व शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांचा, वेगवेगळा विचारून. नाव नुसते विचारू नये. ‘कुठे चाललात?’, ‘कुठल्या तुम्ही?’ असे विचारून विभक्तीतले रूप काढून घ्यावे. वडगावला म्हणतात की वाडगावला, वाडीत म्हणतात की वाड्यात, हे सहज बोलण्यात उघडे पडते. नाव म्हणून सांगताना माणसे पाटीवरचे शुद्ध रूप सांगतात. ऐकलेले लगेच देवनागरीत लिहावे. इंग्रजी अक्षरांत लिहिले की वड आणि वाड यांतला काना जातो, ळ आणि ल एक होतात, ड आणि द एक होतात. निम्म्या चुकीच्या व्युत्पत्त्या इंग्रजी नकाशावरून परत मराठीत आणलेल्या नावांवर उभ्या असतात.

मग जमीन. पाणी कुठून येते, जुनी वाट कुठून जाते, गावदेव मूळ गावात आहे की वाडीत, आणि वाडीची माणसे जत्रेला कुठे जातात. देव मूळ गावाचा असेल तर वाडी तिथून फुटलेली, हा अंदाज सहसा चुकत नाही. झाडाचे नाव असेल तर ते झाड आज आहे का यावर फार विसंबू नये. जुना वड पडून त्याच जागी दुसरा लावलेला असतो, आणि पिंपळगावात पिंपळ तर असतोच, कारण तो सगळ्याच गावांत असतो.

कागद शेवटी. सातबाऱ्यावर वरच्या बाजूला जे गाव छापलेले असते ते महसुली गाव. वाडी स्वतंत्र महसुली गाव नसेल तर तिथे मूळ गावाचेच नाव दिसेल, मग वाडीत शंभर घरे असोत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ नुसार महसुली क्षेत्रे ठरवणे आणि बदलणे शासनाच्या हाती आहे. ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याखाली येते, म्हणून महसुली गाव एक आणि ग्रामपंचायती दोन, किंवा गावे तीन आणि ग्रुप ग्रामपंचायत एक, असे दोन्ही प्रकार आढळतात. वाडीला ग्रामपंचायत मिळाल्याचे वर्ष म्हणजे वाडी वसल्याचे वर्ष नव्हे. ही गल्लत सर्रास होते. गावनकाशा, आकारबंद (जमिनींचे क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद) आणि मोजणीची टिपणे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. मुंबई इलाख्यातली नवी मोजणी इंदापूर तालुक्यातून १८३६ च्या सुमारास सुरू झाली, त्यामुळे या कागदांची मजल साधारण तिथपर्यंत. गॅझेटिअरमध्ये रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आणि पुण्याचा १८८५ चा आहे, पण त्यांत छोट्या वाड्या क्वचितच सापडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या एक इंच-एक मैल नकाशांत त्या जास्त दिसतात.

त्याही मागे जायचे तर पुणे पुराभिलेखागारातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. मोडीत आधी शिरोरेषा ओढून सलग लिहितात, शब्द तोडत नाहीत, आणि वेलांटी-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळत नाहीत. काना अक्षराला जोडूनच येतो. त्यामुळे वड आणि वाड यांचा निवाडा एका कागदावर करू नये. तेच नाव तीन-चार ठिकाणी, शक्यतो वेगळ्या लेखकांच्या हातचे पाहावे. ताम्रपट आणखी जुने, पण त्यांच्यापाशी दुसरी अडचण आहे. लेखक बोलीतले नाव ऐकून त्याला संस्कृत पोशाख चढवत असे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या दोन ताम्रपटांत पुण्याच्या प्रदेशाला एकदा पुण्यविषय आणि एकदा पूनक विषय म्हटले आहे (विषय म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग). राजा तोच, प्रदेश तोच. तेव्हा ताम्रपटातले रूप जुने असते हे खरे, पण ते मूळ असतेच असे नाही.

नावसाधर्म्याचा रोजचा त्रास मात्र व्युत्पत्तीचा नसून यादीचा आहे. सातबारा ऑनलाइन काढताना जिल्हा, तालुका निवडला की गावांच्या यादीत तीन-तीन वडगाव खाली-वर येतात, आणि बु॥ ऐवजी खु॥ वर बोट पडले तर तोच गट नंबर भलत्याच मालकाच्या नावावर निघतो. अर्ज करताना गावाच्या नावासोबत २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गावसंकेतांक लिहिला की हा घोळ टळतो. महसुली गाव नसलेल्या वाडीला असा स्वतंत्र आकडा नसतो. तिथे मूळ गावाचा आकडा आणि पत्त्यात वाडीचे नाव, असेच लिहावे लागते.

अलीकडे या नावांत एक मोठा फेरबदल झाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर असे पर्याय सुचवले गेले. ज्यांच्या वस्तीवर ते जुने नाव लादलेले होते त्यांनी ते टाकले यात नवल काही नाही. ते नावही ठेवलेले होते बाहेरच्याच माणसाने. नावांच्या अभ्यासकाने जुने नाव आपल्या टिपणात तारखेसह नोंदवून ठेवावे, बोलताना नवेच वापरावे. शेजारच्या पाच गावांनी समतानगर हेच नाव घेतले की टपालवाल्याला पुन्हा विचारावे लागते : कुठल्या गावचे?