मोटरसायकलवरील परदेश प्रवास आणि दिशादर्शक यंत्राची निवड

परदेशात मोटरसायकलने फिरण्याची तयारी करणारा माणूस दिशादर्शक यंत्रांची माहिती वाचू लागला की त्याचे लक्ष सर्वप्रथम जाते ते यंत्र किती उपग्रह प्रणालींचे संकेत घेते याकडे. प्रश्न रास्त असला तरी निवड त्यावर ठरू नये असे मला वाटते. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या चारही प्रणाली आज संपूर्ण पृथ्वीवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांतील एकाहून अधिक प्रणाली वापरणारा संकेतग्राहक आता साध्या फोनमध्येही असतो. मोकळ्या आकाशाखाली आपण कोठे आहोत हे सांगण्याच्या बाबतीत फोन आणि खास मोटरसायकलसाठी बनवलेले यंत्र यांत फारसा फरक उरलेला नाही. फरक आहे तो नकाशात, त्या नकाशावर मार्ग काढण्याच्या पद्धतीत आणि ऊन, पाऊस व कंपने सोसण्याच्या क्षमतेत.

यंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिले तर एक मोठा गैरसमज दूर होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःच्या कक्षेची माहिती सतत प्रसारित करीत असतात, आणि संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर पुढे जातात, त्यामुळे यंत्रातील साध्या घड्याळाची बारीकशी चूकही स्थान पार चुकवू शकते. ती चूक शोधण्यासाठीच तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. या साऱ्या व्यवहारात यंत्र फक्त ऐकत असते. ते उपग्रहाला काहीही पाठवीत नाही आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. म्हणून सीमा ओलांडल्यावर मोबाइलचे नेटवर्क गेले की फोनला आपले स्थान कळेनासे होते, ही समजूत चुकीची आहे. नेटवर्क असताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला आयती मिळते. ते नसताना ती थेट उपग्रहाकडून, सेकंदाला 50 बिट अशा संथ गतीने, घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्यांदा स्थान मिळायला अर्धा मिनिट किंवा त्याहून थोडा अधिक वेळ जातो, इतकेच. नेटवर्कविना खरोखर अडते ते नकाशाचे, आणि म्हणूनच नकाशे आधी उतरवून घेतलेले असावेत.

उपग्रहांच्या बाजूने लक्ष देण्याजोगी एक सोय मात्र आहे, ती म्हणजे दोन कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) चालणारा संकेतग्राहक. अरुंद दरीत किंवा उंच इमारतींमध्ये संकेत कड्यांवरून आणि भिंतींवरून परावर्तित होऊन येतो, त्याचा प्रवास लांबतो आणि स्थान शेजारच्या रस्त्यावर सरकते. 1575.42 मेगाहर्ट्झच्या जुन्या संकेतापेक्षा 1176.45 मेगाहर्ट्झचा नवा संकेत थेट आलेली आणि परावर्तित झालेली लहर अधिक चांगल्या प्रकारे वेगळी करू देतो. आल्प्ससारख्या पर्वतात, जिथे दोन रस्ते एकाच दरीच्या तळाशी समांतर जातात, तिथे याचा उपयोग होतो. बोगद्यात मात्र कोणत्याही प्रणालीचा इलाज चालत नाही. नॉर्वेतील लॅरडाल बोगदा 24.5 किलोमीटर लांब आहे, आणि हार्डांगर पुलाजवळच्या वल्लाविक बोगद्यात तर डोंगराच्या पोटातच वाहतूक वर्तुळ आहे. मोटारीत बसवलेली प्रणाली चाकांच्या फेऱ्यांवरून तिथेही अंदाज बांधू शकते, पण हँडलबारवर नंतर बसवलेल्या यंत्राला चाकांची खबर नसते. अशा ठिकाणी कोणत्या फाट्याने बाहेर पडायचे हे बोगद्यात शिरण्यापूर्वीच वाचून ठेवावे लागते.

आता नकाशाकडे वळू. समर्पित यंत्र, म्हणजे केवळ दिशादर्शनासाठी बनवलेले यंत्र, ज्या खंडात विकले जाते त्या खंडाचा नकाशा बहुधा त्यात असतो आणि दुसऱ्या खंडाचा वेगळा मिळवावा लागतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहज नजरेतून सुटते. फोनवर 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून घडलेल्या नकाशावर आधारलेली अॅप वापरता येतात. ऑस्मअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही त्यांपैकी दोन. या नकाशात अनेक ठिकाणी रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी आहे, खडीचा आहे की मातीचा, याची नोंद असते, आणि मोटरसायकलस्वाराला रस्त्याच्या लांबीइतकीच ही नोंद महत्त्वाची असते. आइसलँडमधील ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते कच्चे असतात, उन्हाळ्यातच खुले होतात आणि त्यांतील कित्येकांवर पूल नसलेल्या नद्या पार कराव्या लागतात. ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय निवडला तरी नकाशालाच रस्त्याचा प्रकार ठाऊक नसेल तर यंत्र आपल्याला तिथे खुशाल नेईल. चीनमध्ये अडचण आणखी वेगळी आहे: तिथल्या अधिकृत नकाशांवरील स्थाने कायद्यानुसार मुद्दाम सरकवलेली असतात, त्यामुळे बाहेरून आणलेल्या यंत्राचे अचूक स्थान तिथल्या नकाशावर काहीशे मीटर दूर पडू शकते.

पण माझ्या मते निवडीचा खरा कस लागतो तो मार्ग आणि माग यांतील फरकावर. प्रवासाची आखणी बहुतेक जण संगणकावर करतात आणि ती जीपीएक्स या स्वरूपाच्या फाइलमधून यंत्रात घेतात. त्या फाइलमध्ये आखणी दोन प्रकारे असू शकते. माग म्हणजे अगदी जवळजवळ असलेल्या बिंदूंची रेघ. ती आहे तशीच दिसते आणि यंत्र तिच्यात ढवळाढवळ करीत नाही. मार्ग म्हणजे मोजके थांबे, ज्यांच्यामधला रस्ता यंत्राने स्वतःच्या नकाशावर स्वतःच्या नियमांनी शोधायचा असतो. हा शोध डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आणि तिच्या सुधारित रूपांवर चालतो: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला वेळेची किंवा अंतराची एक किंमत दिलेली असते आणि बेरीज सर्वांत कमी येईल तो रस्ता निवडला जातो. ‘वळणदार रस्ता’ हा मोटरसायकलच्या यंत्रांतील लोकप्रिय पर्याय म्हणजे याच किमतींत केलेला बदल होय, म्हणून तो प्रत्येक कंपनीच्या यंत्रात निराळा रस्ता दाखवतो.

परिणाम असा होतो की संगणकावर इटलीतील 2,757 मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीवरून आखलेला मार्ग यंत्रात गेल्यावर खालच्या दरीतून वळू शकतो, कारण यंत्राची मांडणी सर्वांत जलद रस्त्याची असते, किंवा हिवाळ्यात बंद राहणारे रस्ते टाळण्याची. ज्या 48 वळणांसाठी एवढा प्रवास केला तीच हुकतात आणि हे कळते ते खिंड मागे पडल्यावर. उपाय असा की हव्या त्या रस्त्यावर ठरावीक अंतराने बिंदू टाकावेत, ते चौकातच न टाकता चौक ओलांडून थोडे पुढे टाकावेत, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर बिंदू विरुद्ध बाजूला पडलेला नाही ना हे नकाशा मोठा करून पाहावे. यंत्राने रस्ता आपोआप बदलू नये, आधी विचारावे, अशी सोय आहे का हे खरेदीपूर्वीच पाहावे. शिवाय तीच आखणी माग म्हणूनही यंत्रात ठेवावी. मार्ग त्या रेघेपासून दूर जाऊ लागला की ते लगेच दिसते. ही कामे ज्या यंत्रावर किंवा अॅपवर सहज करता येत नाहीत, ते लांबच्या प्रवासासाठी मी घेणार नाही, मग त्याचा पडदा कितीही मोठा असो.

यंत्राचे तगणे हा शेवटचा मुद्दा, पण तो दुय्यम नाही. मोटरसायकलच्या इंजिनाची तीव्र कंपने फोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला बिघडवू शकतात, असे अॅपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना कळवले आणि फोन बसवण्यासाठी कंपने शोषणारी पकड (माउंट) वापरण्याचा सल्ला दिला. त्याच कंपनीने आयफोन वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. भर उन्हात, चार्जिंग चालू असताना, पडदा पूर्ण उजळ ठेवला की फोन तापतो आणि स्वतःहून पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. फोनच्या पडद्याला पावसाचे थेंब बोटांसारखे भासतात आणि जाड हातमोजे मात्र त्याला जाणवत नाहीत. गार्मिनचे झूमो किंवा टॉमटॉमचे रायडर यांसारखी यंत्रे हातमोज्यांसाठी, पाण्यासाठी आणि थेट मोटरसायकलच्या बॅटरीवर चालण्यासाठी बनवलेली असतात, आणि त्यांची जास्त किंमत मुख्यतः याच गोष्टींची असते. पक्क्या रस्त्यांवरचा आठवडाभराचा प्रवास असेल तर चांगली पकड आणि उतरवलेले नकाशे असलेला फोन पुरेसा आहे. अनेक देशांतून, पावसापाण्यात, कित्येक आठवडे जायचे असेल तर समर्पित यंत्र हँडलबारवर आणि वेगळा नकाशा असलेला फोन खिशात, अशी जोडी घ्यावी.

कायद्याचीही एक बाब यंत्राच्या मांडणीशी निगडित आहे. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची पूर्वसूचना देणारी सोय फ्रान्स आणि जर्मनीत वापरता येत नाही, तर स्वित्झर्लंडमध्ये असे यंत्र वाहनात बाळगणेही गुन्हा ठरतो. सीमेपूर्वी ती नुसती बंद न करता त्यातील माहितीच काढून टाकणे इष्ट. फ्रान्समध्ये 2015 पासून वाहन चालवताना कानात घालायचे इअरफोनही चालत नाहीत, त्यामुळे सूचना ऐकण्यासाठी हेल्मेटच्या आत बसवलेला ब्लूटूथ स्पीकर लागतो.

निघण्यापूर्वी फोन विमान मोडवर ठेवून सर्व दिवसांचे मार्ग दोन्ही साधनांवर उघडून पाहावेत आणि प्रत्येक दिवसाचे एकूण अंतर संगणकावरील आखणीशी ताडून घ्यावे. आकडा काही किलोमीटरहून अधिक वेगळा आला तर यंत्राने कोठेतरी दुसरा रस्ता धरला आहे असे समजावे, आणि तो भाग शोधून तिथे आणखी एक बिंदू टाकावा.