कार्ब्युरेटरमधील इंधनपातळी : जुन्या पिकअप ट्रकमधील बिघाड व तपासणी

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनला देणारा भाग. इंजिन चालू असताना त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल ज्या उंचीवर स्थिर राहते, ती इंधनपातळी. ती मुख्य नॉझलच्या (पेट्रोल हवेत सोडणाऱ्या नळीच्या) तोंडापेक्षा किंचित खाली ठेवलेली असते. व्हेंचुरीतून (हवेच्या मार्गातील अरुंद गळ्यातून) वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तेथील दाब घटतो आणि चेंबरमधले पेट्रोल नॉझलमधून वर खेचले जाते. पातळी चढली की थोड्याशा ओढीनेही पेट्रोल बाहेर पडते, मिश्रण दाट होते. उतरली की मिश्रण पातळ होते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण बिघडायला पातळीत एक-दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो.

पातळी राखण्याचे काम फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि नीडल व्हॉल्व्ह (सुईसारखी झडप) करतात. पेट्रोल चढते तसा फ्लोट वर येतो, नीडलला सीटवर (पेट्रोल आत येण्याच्या भोकाच्या कडेवर) दाबतो आणि आवक बंद होते.

पातळी जास्त असल्यास काळा धूर, काजळलेले स्पार्क प्लग आणि पेट्रोलचा वास ही ठळक लक्षणे. इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता संथ चालत) असताना नॉझलमधून थेंब गळताना दिसतात. ओव्हरफ्लो होत राहिला तर पेट्रोल सिलिंडरमधून उतरून ऑइल पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. पातळी कमी असल्यास अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळते, कार्ब्युरेटरमधून फटका मारते आणि माल भरून चढ चढताना दम टाकते. आयडल मात्र बहुधा बरे असते, म्हणून दोष इग्निशनवर ढकलला जातो.

डॅटसन पिकअपवरील हिताची कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या चेंबरला काचेची खिडकी असते. सपाट जागेवर इंजिन आयडल ठेवून पेट्रोल खुणेशी आहे का ते पाहायचे. होली कंपनीच्या अनेक कार्ब्युरेटरांना बाजूला स्क्रूचा प्लग असतो. तो काढल्यावर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम लागलेले दिसावे. पातळी फार चढलेली असेल तर तेथून पेट्रोल गरम इंजिनवर सांडते, म्हणून खाली फडके धरावे आणि अग्निशामक जवळ ठेवावा.

पातळी चुकलेली दिसताच फ्लोटची पट्टी (नीडलला दाबणारा धातूचा तुकडा) वाकवण्याचा मोह होतो. हा क्रम उलटा आहे. वर्षानुवर्षे नीट चाललेल्या गाडीची पट्टी आपोआप वाकत नाही. आधी सीटवर अडकलेला कचरा आणि नीडलच्या टोकावर पडलेली खाच पाहावी. मग फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटलेला आहे. बारीक छिद्र सापडत नसेल तर तो गरम पाण्यात बुडवावा, बुडबुडे जागा दाखवतात. फोमचा फ्लोट वरून धडधाकट दिसतो, पण पेट्रोल शोषून जड झालेला असतो. त्याचे वजन नव्या फ्लोटशी ताडून पाहावे. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बदलल्यानंतर ओव्हरफ्लो सुरू झाला असेल तर त्याचा दाब मोजावा. जादा दाब नीडलला सीटवरून उचलतो आणि मग पट्टी कितीही वाकवली तरी उपयोग नसतो.

कमी पातळीचे मूळ बहुतेकदा कार्ब्युरेटरच्या बाहेर असते : तुंबलेला फिल्टर, पंपाचा फाटलेला डायफ्रॅम (लवचीक पडदा), हवा ओढणारा चिरलेला रबरी पाइप, टाकीच्या झाकणाचे बुजलेले हवाछिद्र. गाडी बरेच महिने उभी असेल तर वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने नीडलच सीटला चिकटते.

सेटिंगची पाळी यानंतर. झाकणाला टांगलेल्या फ्लोटचे माप झाकण उलटे धरून, फ्लोट आणि झाकण यांमधले अंतर मोजून घेतात. अंतर वाढवले की पातळी उतरते. येथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गॅस्केटसह (झाकणाखालच्या पातळ पॅकिंगसह) मोजायचे की त्याशिवाय, हे मॉडेलनुसार ठरते. फ्लोट नीडलवर दाबून धरून पट्टी वाकवली तर नीडलचे रबरी टोक चेपते.

दोन बिघाड पातळीचे वाटतात, पण नसतात. गरम इंजिन बंद केल्यावर चेंबरमधले पेट्रोल उकळून नॉझलमधून बाहेर येते आणि गाडी लगेच सुरू होत नाही. उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर (जाड चकती) बसवणे आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे. दुसरा रोचेस्टर क्वाड्राजेट या कार्ब्युरेटरचा : चेंबरच्या तळाचे प्लग झिरपून तो रात्रीतून रिकामा होतो. सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, एकदा चेंबर भरला की दिवसभर गाडी ठीक चालते. ते प्लग इपॉक्सीने बंद करतात.