घसा स्वच्छ दिसतो, तरी दुखणे असह्य आहे?

पावसाळ्यात घसा धरला की गोव्यात घरोघरी मिठाच्या गुळण्या, हळद घातलेले दूध आणि दोन दिवस कळ काढणे ठरलेले. बहुतेकदा तेवढ्याने भागतेही. पण एका घसादुखीत आवंढा गिळताना जीव कासावीस होतो आणि तोंड उघडून टॉर्च मारला तर घसा जवळपास नेहमीसारखाच दिसतो. ‘काही दिसत नाही, म्हणजे साधेच असेल’ हा समज इथे घातक ठरू शकतो.

ही सूज असते एपिग्लॉटिसची. जिभेच्या मुळाशी असलेले कूर्चेचे हे पान घास गिळताना श्वासमार्गाचे तोंड झाकते. टॉर्चचा उजेड तिथवर पोचत नाही. पूर्वी हा मुख्यतः लहान मुलांचा आजार होता. हिब जीवाणूवरची लस आली आणि मुलांत तो विरळ झाला. मोठ्यांत मात्र इतर जीवाणूंमुळेही तो होतो, मधुमेह असेल तर धोका अधिक.

या पानाच्या जिभेकडच्या बाजूचे आवरण सैल असते, म्हणून तिथे द्रव भराभर साचतो. आता प्वाझेयचा नियम पाहा: नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या 4 मिलिमीटरची 3 झाली, तर विरोध तिपटीहून अधिक. 2 झाली, तर 16 पट! अरुंद जागेत हवा संथ राहत नाही, तिला भोवरे पडतात आणि विरोध आणखी चढतो. त्यात श्वास घेताना आतला दाब उतरतो, सुजलेला भाग आत ओढला जातो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो तो या टप्प्यावर. म्हणजे त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

‘पडजीभ पडली’ म्हणून बोटाने मीठ लावून ती उचलणारे अजून आहेत. सुजलेल्या घशात बोट घालू देऊ नका.

गिळताना असह्य वेदना, तोंडात काही कोंबल्यासारखा दबका आवाज, लाळ गळणे, पुढे झुकून बसणे यांपैकी काही दिसले की 108 ला फोन करा. काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचे अंतर मोठे आहे, श्वास लागेपर्यंत थांबू नका. रुग्णाला आडवे करू नका, तो बसला आहे तसाच बसू द्या. खायला-प्यायला काही देऊ नका.

इस्पितळातही पहिला प्रश्न श्वासमार्गाचा. स्थिती नाजूक असेल तर रुग्णाला एकट्याला एक्स-रेला पाठवत नाहीत. नाकातून बारीक दुर्बीण घालून कान-नाक-घसा तज्ज्ञ सूज पाहतात. शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखे प्रतिजैविक सुरू होते. नळी घालायची वेळ आलीच, तर अनुभवी भूलतज्ज्ञ ती घालतात आणि गळ्याला छेद देऊन वाट करण्याची तयारी शेजारीच असते. वेळेवर पोचलेल्या बहुतेक प्रौढांना नळी लागत नाही. त्यांना देखरेखीखाली ठेवतात आणि औषधांनी सूज काही दिवसांत उतरते.