उधाण-भांग

कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस ‘उधाण’ व अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीस ‘भांग’ म्हणतात. ‘भांग’ हा शब्द संस्कृत ‘भंग’पासून आला असावा. ‘भंग’चा एक अर्थ लाट असाही आहे, परंतु पाण्याचा जोर मोडणे हा अर्थ येथे अधिक जुळतो.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता पूर्ण भरती. मग सुमारे सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा हिशेब किंचित तोकडा आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, म्हणजे २ घटिका अथवा ४८ मिनिटे. पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जातात. त्यामुळे पंधराव्या तिथीस १२ऐवजी सव्वाअकरा येतात. शिवाय रोजचा उशीर सारखा नसतो : उधाणात तो कमी, भांगात तासाहूनही अधिक असतो. रीत मुंबई-रायगडकडे बरी लागू पडते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि तिची उंचीही घटत जाते. सर्वांत मोठे पाणी बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी चढते.

चंद्र उगवताच समुद्र उचंबळतो हा काव्यसंकेत या किनाऱ्यास लागू नाही. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी उगवतो तेव्हा सुकतीच असते. तो मध्यरात्री माथ्यावर आला की पाणी भरते. भांगात मात्र शुक्ल अष्टमीचा अर्धचंद्र सूर्यास्ताला माथ्याजवळ असतो व भरतीही तेव्हाच.

अमावास्येच्या जोरदार भरतीचा जुना उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या १ल्या ते ३ऱ्या शतकांदरम्यान मानला गेला. आता १ल्या शतकाचा मध्य अधिक ग्राह्य धरतात. वर्णन भडोचजवळच्या नर्मदामुखाचे आहे, कोकणाचे नव्हे. कोकणातील बंदरांपैकी त्यात आलेले ‘सेमुल्ला’ म्हणजे चौल, असे सामान्यतः मानतात.

उत्तर कोकणातील डोलजाळी, म्हणजे प्रवाहात रोवलेली पिशवीसारखी मासेमारीची जाळी, उधाणाच्या ओढीवर चालतात. पावसाळ्यात चंद्र ढगांआड राहिल्याने तिथी पंचांगातूनच घ्यावी लागते.

ग्रह एका रांगेत आले की उधाण वाढते, ही समजूत निराधार आहे. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलेल्या शुक्राची भरतीओढही चंद्राच्या दहा हजारांव्या भागाहून कमी भरते. सूर्याची मात्र जवळजवळ निम्मी असते.